पहिली कालवड शेजाऱ्याला



आज मला अमेरिकेतील इंडियानाचे कुटुंबवत्सल शेतकरी डॅन वेस्ट यांची आठवण करायची आहे. स्पेनच्या यादवी युद्धात ते भुकेल्या मुलांना दूध वाटत. दूध अपुरे, कोणाला द्यायचे, कोणाला नाही, हे ठरवावे लागे. घरी त्यांच्या लेकरांना मात्र दूध मिळत होते. ही टोचणी घेऊन ते परतले. १९४४ मध्ये पहिल्या १७ कालवडी प्वेर्तो रिकोला निघाल्या. अट एकच: तिला होणारी पहिली कालवड दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्यायची.

पाड्यावर दूध वाटताना माझेही पातेले रिकामे झाले आहे. रांगेतली शेवटची मुलगी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. म्हणून विनंती, घेणाऱ्यालाही देणारा होऊ द्या. प्रभू आपणांस आशीर्वाद देवो.