मेंदूत दिसणारा स्किझोफ्रेनिया



1948 साली फ्रीडा फ्रॉम-राइखमान या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनियाचा दोष आईच्या वागणुकीकडे नेला. पुढची कित्येक वर्षं मुलाच्या आजाराचं खापर आयांच्या माथ्यावर फुटत राहिलं. हा फार मोठा अन्याय होता. आजही ‘आमच्या संस्कारांत काय कमी पडलं?’ असं विचारणारे आईवडील भेटतात, म्हणून मेंदूबद्दल बोलायचं.

1990 साली अमेरिकेत एकसारख्या जुळ्यांच्या 15 जोड्या तपासल्या गेल्या. प्रत्येक जोडीत एकाला स्किझोफ्रेनिया, दुसरं त्यातून सुटलेलं. दोघांचे एमआरआय शेजारी-शेजारी ठेवले. मेंदूत द्रवानं भरलेल्या पोकळ्या असतात. नुसत्या त्या पाहून 12 जोड्यांत आजारी भावंड ओळखता आलं. 14 जोड्यांत आजारी भावंडाच्या डाव्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे स्मरणाशी संबंधित भागाचा, पुढचा हिस्सा लहान निघाला. जनुकं सारखी असूनही फरक पडला, तेव्हा आनुवंशिकता हे एकच कारण नव्हे, हेही त्यातून दिसलं.

पण हे जमलं ते जुळं भावंड तुलनेला होतं म्हणून. एरवी माणसामाणसांच्या मेंदूत मुळातच इतका फरक असतो की आजाराचा बारीक फरक त्यात हरवतो. आपल्या पेशंटचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला, तर तो नाटक करतो असं कृपा करून म्हणू नका. गाठ वगैरे दुसरं काही नाही ना, एवढंच पाहायला डॉक्टर एमआरआय सांगतात. निदान होतं ते पेशंटशी आणि घरच्यांशी बोलून.

सूक्ष्मदर्शकाखाली आणखी एक गोष्ट दिसते. मेंदूतल्या पेशींच्या फांद्यांवर बारीक काटे असतात. तिथं दुसऱ्या पेशीशी जोडणी होते. स्किझोफ्रेनियात मेंदूच्या काही भागांत हे काटे विरळ झालेले आढळतात. किशोरवयात मेंदू जादा जोडण्या छाटतोच. या आजारात ती छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा तर्क आहे. छाटणीत भाग घेणाऱ्या सी-फोर जनुकाच्या काही प्रकारांनी आजाराचा धोका थोडा वाढतो, हे 2016 साली दिसलं. आजार बहुधा ऐन तारुण्यात का उघड होतो, त्याचा धागा इथं असू शकेल.

म्हणून कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी एकाएकी मित्रमैत्रिणी तोडू लागली, कानात कुणी बोलतंय म्हणू लागली, तर बाहेरची बाधा समजून अंगारे-धुपाऱ्यांत महिने घालवू नका. लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे न्या. उपचार लवकर सुरू झाले, तर शिक्षण आणि नोकरी हातची जाऊ न देणं पुष्कळदा जमतं.