पगाराची पावती आणि सातबाराचा उतारा

(ऊर्जानगर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी आपण मला 'संपत्ती, उत्पन्न आणि वर्ग' हा विषय दिला आहे. विषय वरवर पाहता पुस्तकी वाटतो. परंतु ऊर्जानगरात बसून तो पुस्तकी ठेवणे कोणालाही शक्य नाही. वीज केंद्राच्या चिमण्या, दुर्गापूर-पद्मापूरच्या कोळसा खाणी, इरई धरणाचे पाणी आणि हाकेच्या अंतरावर सुरू होणारे जंगल, एवढे सगळे ज्या गावाच्या भोवती आहे, तेथे वर्गाचा प्रश्न रोज पाळी बदलताना फाटकाशी उभा असतो.

आपल्यापैकीच काही जण मला वारंवार विचारतात, 'येथला कायम कामगार आयकर भरतो, त्याच्या दारात मोटार उभी असते, त्याची मुले पुण्याला शिकायला जातात. त्याला आपण अजून कामगारवर्ग का म्हणायचे? आणि ज्याच्या घरी पाच एकर जमीन आहे, पण चार महिने उसनवारीवर काढावे लागतात, त्याला जमीनवाला म्हणायचे काय?' प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट दिले नाही तर संघटनेची मांडणीच चुकते. म्हणून आज त्याचाच विचार करू.

समजा, फाटकाशी चार माणसे उभी आहेत. पहिला कायम नोकरीतला तंत्रज्ञ. वसाहतीत त्याला क्वार्टर आहे, दरमहा ठरावीक पगार आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. दुसरा कंत्राटी कामगार, कोळसा हाताळणी विभागातला. काम पहिल्याच्या शेजारी उभे राहून करतो, धूळ तीच खातो, पण पगार त्याच्या काही हिश्श्याइतका. रात्रपाळी संपली की झुडपांमधून सायकलीने घरी जाताना वाघ-बिबट्याची भीतीही त्याच्याच वाट्याची. तिसरा प्रकल्पग्रस्त, बापाची जमीन केंद्रासाठी गेली, नोकरीची वाट पाहता पाहता त्याचे वय उलटले. चौथा कंत्राटदार. त्याच्या नावावर काही ट्रक आहेत, गावात दोन-तीन भूखंड आहेत आणि गावाकडे शेती आहे.

या चौघांची केवळ मासिक उत्पन्नाप्रमाणे रांग लावली तर कदाचित चमत्कारिक चित्र दिसेल. कागदोपत्री कायम तंत्रज्ञाचे उत्पन्न कंत्राटदाराच्या बरोबरीचे, प्रसंगी वरचेही निघेल. कारण तंत्रज्ञाचा पैन्‌पै पगार पावतीवर येतो आणि कर हातात पडण्यापूर्वीच कापला जातो. कंत्राटदाराचे उत्पन्न हिशेबाच्या वह्यांत विरघळते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, आणि भूखंडाची किंमत दहा पटींनी वाढली तरी तो विकेपर्यंत त्या वाढीला कोणी उत्पन्न म्हणत नाही. तेव्हा पगाराची पावती पाहून वर्ग ठरवणारा मनुष्य पहिल्याच पायरीवर फसतो.

उत्पन्न म्हणजे वाहते पाणी. संपत्ती म्हणजे तलाव. आपल्या भागातल्या माजी मालगुजारी तलावांवर ज्यांनी धानाची शेती केली आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. पाऊस सर्वांच्या शेतावर सारखाच पडतो, पण पाऊस थांबल्यावर पीक कोणाचे वाचते, हे तलावाच्या पाळीवर कोणाचा हक्क आहे यावर ठरते. म्हणून मी आपल्याला एक साधी कसोटी सुचवितो. उद्या काम बंद पडले तर हे घर किती दिवस तग धरील? कंत्राटी कामगाराचे उत्तर आठवड्यांत येईल. कायम कामगाराचे काही महिन्यांत, फार तर दोन-चार वर्षांत. आणि निवृत्तीच्या दिवशी पगाराबरोबर डोक्यावरचे छप्परही जाईल, कारण क्वार्टर त्याचे नव्हते. कंत्राटदाराचे घर मात्र पिढीभर तग धरील. पहिल्या दोघांतले अंतर मोठे आहे, हे मी नाकारीत नाही. पण ते अंतर मोजता येते. तिसऱ्या उत्तराची जातच वेगळी आहे.

याच ठिकाणी कार्ल मार्क्सही थबकला होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. 'भांडवल'चा तिसरा खंड त्याच्या मृत्यूनंतर, १८९४ साली एंगल्सने प्रसिद्ध केला. त्याचे शेवटचे प्रकरण वर्गांविषयी आहे आणि ते अपुरे आहे. वर्ग कशामुळे बनतो, असा प्रश्न मार्क्स विचारतो; उत्पन्न आणि उत्पन्नाचा उगम एक असणे हे पहिल्या नजरेला सुचणारे उत्तर तो पुढे ठेवतो; पण तसे मानले तर डॉक्टर आणि सरकारी अधिकारी हेही दोन स्वतंत्र वर्ग मानावे लागतील, अशी अडचण तो दाखवितो, आणि थोड्याच ओळींनंतर हस्तलिखित थांबते. पुढे मॅक्स वेबरने मालमत्तेतून येणारे वर्गीय स्थान आणि समाजात मिळणारी प्रतिष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखविल्या. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली जातिव्यवस्था ही नुसती श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे सांगून या चर्चेला भारतीय जमिनीवर आणले, आणि डॉ. लोहियांनी गोठलेला वर्ग म्हणजे जात, अशी मांडणी केली. याच लोहियांनी १९६३ साली लोकसभेत देशातील बहुसंख्य माणसे रोज तीन आण्यांवर जगतात असे सांगितले, तेव्हा सरकारने पंधरा आण्यांचा दावा केला होता. त्या वादाने देशाला उत्पन्नाचे आकडे वाचायला शिकविले. आता संपत्तीचे आकडे वाचायला शिकण्याची पाळी आहे.

ते आकडे काय सांगतात? पॅरिस येथील जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी २०२४ साली भारताविषयी जो अहवाल प्रसिद्ध केला, त्याप्रमाणे २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांच्या हाती देशाच्या उत्पन्नापैकी २२.६ टक्के वाटा होता. संपत्तीपैकी मात्र ४०.१ टक्के. म्हणजे संपत्तीची विषमता उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा कितीतरी खोल आहे. आणि आपल्या राज्यकर्त्यांनी कर कशावर ठेवला व कशावरून उठविला? मृताच्या मालमत्तेवरील कर १९५३ साली आला, तो १९८५ मध्ये रद्द झाला. संपत्तीकर १९५७ साली आला, तो २०१५ च्या अंदाजपत्रकाने रद्द केला. या करांतून फारसे उत्पन्न येत नव्हते, असे समर्थन केले जाते. ते खरेही आहे. पण चोर सापडत नाहीत म्हणून कोणी चौकी बंद करीत नाही! पगारदाराचा कर मात्र दरमहा, बिनचूक, उगमाशीच कापला जातो.

आता तिसऱ्या माणसाकडे, प्रकल्पग्रस्ताकडे वळू. येथला पहिला संच १९८३ साली सुरू झाला. २०१६ पर्यंत नऊ संच उभे राहिले, त्यांपैकी पहिले दोन आता सेवेतून बाद झाले आहेत. या उभारणीसाठी आणि खाणींसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना मोबदला मिळाला, काहींना नोकरी मिळाली. या व्यवहाराचा अर्थशास्त्रीय अर्थ आपण फारसा पाहत नाही. येथे संपत्तीचे रूपांतर उत्पन्नात झाले. जमीन वारशाने मुलाकडे जाते. नोकरी जात नाही. बापाला पगार मिळाला, घर पक्के झाले, उत्पन्न शेतीच्या काळापेक्षा निश्चित वाढले. पण नातवाच्या हाती सातबाराही नाही आणि पावतीही नाही. उत्पन्न वाढत असताना एखादे कुटुंब वर्गाच्या शिडीवरून खाली उतरू शकते, हे ज्याला पटत नसेल त्याने या परिसरातली गावे फिरून पाहावीत. २०२० च्या ऑगस्टमध्ये काही प्रकल्पग्रस्त नोकरीच्या मागणीसाठी येथल्या उंच चिमणीवर चढून बसले होते. नोकरी हीच ज्यांच्या जमिनीची उरलेली किंमत आहे, त्यांचे ते हताश पाऊल होते.

याच्या उलट उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावात आहे. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरविले, आणि झाड म्हटले की मालकी वनखात्याची. या जंगलांतला बांबू वर्षानुवर्षे कागद कारखान्याला सवलतीच्या दराने मिळत राहिला, आणि जंगलात राहणारा गोंड माणूस तोच बांबू तोडायला मजुरीवर जात राहिला. मजुरी वाढावी म्हणून झगडणे आवश्यक होतेच. पण मेंढ्याच्या ग्रामसभेने, देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्यांच्या साथीने, त्याच्या पुढचा प्रश्न विचारला: जंगल कोणाचे? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. २००९ साली मेंढ्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबूच्या वाहतुकीचा परवाना मिळविण्यासाठी २०११ च्या एप्रिलपर्यंत झगडावे लागले. पुढे २०१३ साली गावाने १९६४ च्या ग्रामदान कायद्याप्रमाणे खासगी जमीनही ग्रामसभेकडे सोपविण्याचे ठरविले.

मेंढ्याचा माणूस श्रीमंत झाला, असा याचा अर्थ नाही. त्याच्या घरी आजही ऊर्जानगरच्या तंत्रज्ञाइतका पैसा येत नसेल. पण त्याचे वर्गीय स्थान बदलले. बांबू केव्हा तोडायचा, कोणाला विकायचा, मजुरी किती ठेवायची, हे ठरविण्याच्या बैठकीत तो बसतो. आणि भाव पसंत नसेल तर 'नाही' म्हणू शकतो. मित्रहो, वर्ग म्हणजे केवळ किती मिळते हे नव्हे. कोणाच्या मर्जीने मिळते, आणि नाही म्हणण्याची ताकद कोणाजवळ आहे, हे आहे. उत्पन्नाने पोट भरते, संपत्तीने शब्दाला वजन येते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो मी टाळू इच्छित नाही. वीज केंद्र तर सार्वजनिक मालकीचे आहे. मग येथे विषमता कशी? उत्तर कटू आहे. मालकी सरकारची झाली म्हणजे ती जनतेची झाली, असे आपोआप घडत नाही. १९७० साली कंत्राटी कामगारांविषयीचा कायदा झाला. त्याच्या नावातच कंत्राटी पद्धतीचे उच्चाटन होते. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत तो सामावून घेतला. पन्नास वर्षांत उच्चाटन व्हायचे राहिले; उलट सार्वजनिक उद्योगांच्याच आवारात कंत्राटी कामगार वाढले. कंत्राटदार बदलतो, माणूस तोच राहतो, पण कागदावर तो दर वेळी नवा असतो आणि सेवेचे सातत्य सिद्ध करताना त्याची दमछाक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तात्पुरत्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत समान कामाला समान वेतनाचे तत्त्व मान्य केले. ते तत्त्व फाटकाच्या आत आणण्याचे काम न्यायालय करणार नाही. ते संघटनेचे आहे.

आणि म्हणूनच कायम कामगारांना मला दोन शब्द स्पष्ट सांगायचे आहेत. ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कंपन्यांच्या कामगारांनी राज्यभर संप केला. मुंबईलगतच्या भागात एका खासगी कंपनीने मागितलेल्या समांतर वितरण परवान्याला त्यांचा विरोध होता. मागणी आपल्या पगाराची नव्हती, सार्वजनिक संपत्तीच्या रक्षणाची होती. आणि सरकारला त्याच दिवशी चर्चेला बसावे लागले. त्या दिवशी हा वर्ग वर्गासारखा वागला. पण तोच कामगार दुसऱ्या दिवशी कंत्राटी सोबत्याला आपल्या संघटनेच्या दारात उभा ठेवत असेल, तर तो आपल्या पगाराच्या उंचीलाच आपला वर्ग समजू लागला आहे. ही उंची उसनी आहे. शेजारी निम्म्याहून कमी पगारात तेच काम करणारा माणूस उभा आहे, तोवर कायम जागा भरण्याची गरज कोणत्याच व्यवस्थापनाला वाटणार नाही. कंत्राटी कामगाराची असुरक्षितता म्हणजे कायम कामगाराच्या मुलाचे भविष्य आहे.

एक संपत्ती अशीही आहे, जी कोणाच्याच उताऱ्यावर नसते: हवा आणि पाणी. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने चंद्रपूरची गणना देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत केली. येथली वीज राज्यभर जाते; राख येथेच राहते. ज्याच्याजवळ संपत्ती आहे तो नागपूरला घर बांधतो. ज्याच्याजवळ नुसते उत्पन्न आहे तो बदलीची वाट पाहतो. ज्याच्याजवळ दोन्ही नाही तो येथेच खोकतो.

तेव्हा आपले कार्य तीन पदरी आहे. कायम आणि कंत्राटी कामगारांची एक संघटना, एक मागणीपत्रक. मोठ्या संपत्तीवर आणि वारशावर कर पुन्हा बसविण्याची मागणी, जिची आज कोणी सभेत आठवणही काढीत नाही. आणि जंगल, जमीन, पाणी यांवर ग्रामसभेचा हक्क. यांपैकी पहिले काम आपल्या हातात आहे. त्यासाठी मुंबई-दिल्लीची वाट पाहावी लागत नाही.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या ओळीतली किंवा वस्तीतली दहा घरे पाहून यावीत. नावे नकोत. कागदावर दोनच रकाने करा: महिन्याला काय येते, आणि काम बंद पडले तर घर किती दिवस चालेल. पहिला रकाना आपल्याला एकमेकांपासून वेगळे दाखवील. दुसरा रकाना वाचाल तेव्हा फाटकाशी आपल्या बाजूला कोण कोण उभे आहे, ते दिसेल. चर्चा तेथून पुढे करू.