घरभर स्वच्छ पाणी: फिल्टरचं कार्ट्रिज निवडताना

देवनारमध्ये आपल्या नळाला येणारं पालिकेचं पाणी शुद्ध करून, क्लोरीन मिसळूनच सोडलेलं असतं. पण पुढे जुन्या जलवाहिन्या, इमारतीची तळटाकी आणि गच्चीवरची टाकी या वाटेवर त्यात गाळ, गंज आणि माती मिसळू शकते. हा गाळ अडवण्यासाठी घराच्या मुख्य पाइपवर फिल्टर बसवतात.

त्याचं कार्ट्रिज घेताना आधी मायक्रॉनचा आकडा पाहा. आकडा जितका लहान, तितकी गाळणी बारीक. पण ती लवकर तुंबते आणि दाबही कमी होतो. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला, विशेषतः वरच्या मजल्यांवर, दाब मुळातच कमी असतो. म्हणून तिथे 20 मायक्रॉनचं, 20 इंच लांबीचं जाड कार्ट्रिज बरं. 5 मायक्रॉनची गाळणी स्वयंपाकघरातल्या नळाला लावा.

कार्बनचं कार्ट्रिज क्लोरीन काढून टाकतं. पाइपमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून तो क्लोरीन लागतो. त्यामुळे कार्बन फक्त पिण्याच्या पाण्यापुरता ठेवा.

आणि हे नक्की लक्षात ठेवा: गाळाचं कार्ट्रिज जंतू मारत नाही, बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षारही काढत नाही. पिण्याचं पाणी, विशेषतः पावसाळ्यात, उकळूनच प्या. धार बारीक झाली की कार्ट्रिज बदला, धुऊन पुन्हा वापरू नका. आणि सोसायटीच्या टाक्या वेळच्या वेळी साफ करून घ्या. त्याशिवाय कोणतंही कार्ट्रिज फार काळ टिकणार नाही.