दावा कुठल्या गावच्या कोर्टात?
(काष्टी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



काष्टीच्या बाजारात घेतलेला बैल घरी जाऊन मारका निघाला, तर भांडायला लांब जावे लागत नाही. विकणारा सापडतो, दलाल सापडतो, चार माणसे साक्षीला असतात. यंत्राचे आणि औषधाचे तसे नाही. मळणीयंत्र बनले पंजाबात, विकले नगरच्या दुकानदाराने, चालते आपल्या खळ्यावर, आणि हात गेला तो बीडहून आलेल्या मजुराचा. आता दावा लावायचा कुठे? वकील मंडळी म्हणतात, हा तांत्रिक प्रश्न आहे. आम्हाला तसे वाटत नाही. कोर्ट किती कोसांवर आहे यावरूनच पुष्कळदा दावा लागणार की नाही, हे ठरते.

सगळ्यात मोठे उदाहरण भोपाळचे. १९८४ च्या डिसेंबरात, २ आणि ३ तारखेमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. तो कारखाना कशाचा होता हे शहरातली माणसे विसरतात. तो पिकांवर मारायच्या कीटकनाशकाचा होता. दावे लागले अमेरिकेत. भारत सरकार न्यूयॉर्कच्या कोर्टात सांगत होते की आमची न्यायालये या कामाला पुरी पडणार नाहीत. आणि कंपनीचे वकील म्हणत होते, छे छे, भारतातली न्यायालये अगदी समर्थ आहेत! आपल्या न्यायव्यवस्थेची इतकी तारीफ आम्ही दुसरीकडे ऐकलेली नाही. १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी दावे भारताकडे पाठवले. जखमी माणसे, साक्षीदार, कागदपत्रे सगळी तिकडेच आहेत, असे त्यांचे कारण. कारण खोटे नव्हते. पण फेब्रुवारी १९८९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात तडजोड झाली ती ४७ कोटी डॉलरवर, आणि सरकारची मागणी होती ३०० कोटींच्या वर. अमेरिकेतल्या ज्यूरीपुढे काय झाले असते हे कोणी सांगू शकत नाही. कंपनीला इकडे का यायचे होते, हे समजायला मात्र कायद्याची पदवी लागत नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात गेले. वीसहून अधिक दगावले. आधी दोष दिला गेला तो त्यांनाच. हातमोजे नव्हते, तोंडाला नीट बांधले नव्हते. डोक्याच्या वर गेलेल्या कपाशीत, उकाड्यात, पाठीवर पंप घेऊन हातमोजे घालून दाखवा म्हणावे! पुढे सप्टेंबर २०२० मध्ये दोन मृतांच्या पत्नींनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहरी सिंजेंटा कंपनीविरुद्ध दाद मागितली. 'पोलो' या तिच्या औषधाने बाधा झाली, असे त्यांचे म्हणणे. कंपनीने जबाबदारी नाकारली. कोण खरे, कोण खोटे हे आम्ही इथे ठरवत नाही. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते बासेलकडे. कंपनीचे मुख्यालय तिथे, म्हणून कोर्ट तिथले. शिवाय स्विस कायद्यात, सदोष मालाने इजा झालेल्या माणसाला निवड आहे: माल बनवणाऱ्याच्या देशाचा कायदा लावा म्हणावे, किंवा माल जिथे घेतला तिथला. दाव्याची मुदत तीन वर्षे. यवतमाळच्या माणसांनी २०२० चा सप्टेंबर गाठला तो यासाठी.

म्हणजे लांबचे कोर्ट दरवेळी वाईटच, असे नाही. भोपाळवाल्यांना ते हवे होते आणि मिळाले नाही. निवड कोणाच्या हातात आहे, हे पाहायचे.

आपल्या देशात ती बऱ्याच अंशी इजा झालेल्याच्या हातात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम १९ सांगते, की इजा जिथे झाली तिथे दावा लावावा, किंवा प्रतिवादी जिथे राहतो, धंदा करतो तिथे. कायद्यानेच उदाहरण दिले आहे. दिल्लीला राहणाऱ्याने एकाला कलकत्त्यात मारले, तर मार खाणाऱ्याने दिल्ली किंवा कलकत्ता, कुठेही जावे. काष्टीच्या शिवारात अपघात झाला तर आपल्या भागातले कोर्ट चालते. पंजाबची गाडी पकडायला नको.

पण बिलाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात ओळ असते, 'सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयात'. ती वाचून माणूस घाबरतो. बोडीनायकनूरहून दिल्लीला निघालेली वेलची वाहतूक कंपनीच्या गोदामात जळाली. पावतीवर लिहिलेले, मुंबईचेच कोर्ट. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पटेल रोडवेजच्या त्या खटल्यात सांगितले, की जिथे व्यवहार झाला तिथे कंपनीची शाखा आहे, तेव्हा मुंबईला अधिकारच नाही, आणि नसलेला अधिकार पावतीने येत नाही. मात्र दोन कोर्टांना खरोखर अधिकार असेल, तर त्यातले एक करारात ठरवून घेता येते. म्हणून सही करण्याआधी तळाची ओळ वाचा. मजुराने तर कसलीच सही केलेली नसते. दुकानदार आणि मालक यांच्यातल्या बिलाने त्याला कसे बांधता येईल?

आता थोडे कडू बोलतो. ट्रॅक्टर किंवा विजेच्या, इंजिनाच्या यंत्रावर शेतात काम करणारा मजूर १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात येत होता. आता तो विषय २०२५ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. या कायद्यात मालक म्हणजे आपण. यंत्र कोणाचे चुकले हे विचारले जात नाही, भरपाई आधी मालकाने द्यायची. १९९५ च्या दुरुस्तीने मजुराला किंवा त्याच्या वारसांना आपल्या राहत्या भागातही अर्ज करता येऊ लागला. त्याआधी ऊसतोडीला आलेल्या बीडच्या मजुराच्या विधवेला तारखेसाठी नगरला खेपा घालाव्या लागत. तेव्हा उद्या बीडहून नोटीस आली तर आपल्यातल्या कोणी 'इतक्या लांब कशाला बोलावता' म्हणून ओरडू नये. लांबच्या कोर्टाचा जाच आपण कंपनीच्या तोंडून सोसतो, तोच मजुरावर लादायचा काय? भरपाई द्यावी आणि यंत्र सदोष होते म्हणून बनवणाऱ्यावर आपला दावा वेगळा लावावा. मळणीयंत्राने हात जाण्याचे प्रकार इतके होते, की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

यंत्र किंवा औषध आपण विकत घेतलेले असेल, तर ग्राहक आयोगाचीही वाट आहे. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि सदोष मालाबद्दल उत्पादकाला जबाबदार धरता येते. मुदत दोन वर्षे.

कोर्ट जवळ आले तरी पुरावा लागतोच, आणि तो आपण दुसऱ्याच दिवशी घालवतो. अपघातानंतर पंचनामा होईपर्यंत यंत्र दुरुस्त करू नका, तुटलेला पत्रा भंगारात देऊ नका. यंत्रावरची नाव-नंबराची पट्टी फोटोत घ्या. औषधाचा डबा धुऊन पाणी प्यायला वापरण्याची सवय तर सोडाच, तो झाकण लावून, बॅच नंबर दिसेल असा वेगळा ठेवा. दवाखान्याचा पहिला कागद आणि दुकानाचे पक्के बिल एका पिशवीत घाला. कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला असेल, तर आजच दुकानात जाऊन पक्के बिल मागा.