सुट्टीची बेगमी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)





आपल्या कोकणात मे महिना आला की घरोघरी पावसाळ्याची बेगमी सुरू होते. सरपण रचले जाते, सुकी मासळी डब्यात भरली जाते, आमसुले वाळतात, छपरावरची कौले चाळली जातात. पहिला पाऊस नेमका कधी पडेल हे कुणालाच ठाऊक नसते, तरी तयारी पुरी असते. शाळा कोणत्या तारखेला उघडणार हे मात्र आपल्याला आधीच कळलेले असते आणि तिचीच तयारी नसते. आज याच विषयावर चार शब्द बोलणार आहे.

मी दुसऱ्याला दोष देत नाही, माझ्या घरातलीच गोष्ट सांगतो. १९७१ साली माझे थोरले भाऊ सातवीची परीक्षा देऊन मोकळे झाले. अभ्यासात ते माझ्यापेक्षा हुशार. अब्बा जहाजावर होते. मामू मुंबईहून आले होते. ते म्हणाले, "सुट्टीत पोरगा रिकामा बसून काय करील? दुकानात चार पैसे मिळवील, मुंबई पाहील." अम्मीने एस. टी. त बसवून दिले. जून उजाडला. मामूंचे पत्र आले, दुकानातला माणूस आजारी आहे, पंधरा दिवस राहू द्या. पुढे गणपती आले, मग दिवाळी आली. हजेरीपटावरून भाईजानचे नाव उतरले ते कायमचे. लक्षात घ्या, त्यांची शाळा सोडवायची असे आमच्या घरात कुणीही ठरवले नव्हते. मामूही मायेचाच माणूस. फक्त परतीची तारीख कुणी ठरवली नव्हती. पुढे भाईजाननेच माझी फी भरली, म्हणून मी शिक्षक होऊ शकलो. नोकरीच्या एवढ्या वर्षांत दर जूनमध्ये हजेरी घेताना उत्तर न देणारे एखादे नाव आले की मला भाईजान आठवत.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की सुट्टीचा बेत शेवटाकडून आखावा. शाळा उघडण्याची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहा आणि तिच्या आधी चार दिवस मूल घरी असलेच पाहिजे असे ठरवा. मुंबईला नाना-नानींकडे जायचे असेल तर जाण्याच्या तिकिटाबरोबर येण्याचेही तिकीट काढा. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. म्हणजे १० जूनला परत यायचे, तर ११ एप्रिलच्या सुमारास जागे राहिले पाहिजे. सणही हिशेबात धरा. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने २०२६ ते २०२८ या वर्षांत बकरी ईद मे महिन्यातच येते. प्रवासाच्या तारखा ती पाहूनच ठरवाव्यात.

दुसरी गोष्ट कामाची. घरच्या बागेत आंबे उतरवताना, वडिलांच्या दुकानात हिशेब लिहिताना मूल पुष्कळ शिकते. धोका नसलेल्या घरच्या धंद्यात सुट्टीपुरती मदत करायला कायद्याचीही आडकाठी नाही. परंतु २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला परक्याच्या दुकानात कामाला ठेवणे हा गुन्हा आहे, मग तो दुकानदार नात्यातल्या कुणाच्या ओळखीचा का असेना.

तिसरी गोष्ट मुलींची. मे हा आपल्याकडे लग्नसराईचा महिना. पाहुण्यांची उठबस, धाकट्या भावंडांना सांभाळणे, पाणी भरणे, सगळे मुलीच्या वाट्याला येते. मुलग्याला मात्र सुट्टी! सुट्टी दोघांची, तर काम दोघांना वाटून द्या. आणि लग्नघरी पाहुण्यांनी "हिच्यासाठी एक चांगले स्थळ आहे" असे म्हटले, तर "हिची शाळा १५ जूनला उघडते" हे उत्तर आई-वडिलांच्या ओठांवर तयार असू द्या. १८ वर्षांच्या आत मुलीचे लग्न कायद्याला मान्य नाही, हेही ध्यानात असावे.

चौथी गोष्ट कागदपत्रांची. दहावीचा निकाल सुट्टीतच लागतो. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले आहेत. उत्पन्नाचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे खाते यांतले काय कमी आहे ते एप्रिलमध्येच पाहून ठेवा. जूनच्या पावसात तहसील कचेरीच्या रांगेत उभे राहण्याची पाळी येणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला मी सुट्टीत धडे पाठ करा असे सांगणार नाही. पोहा, झाडावर चढा, आंबे खा. पण विहिरीत किंवा खाडीत वडीलधारे कुणी जवळ असल्याशिवाय उतरू नका. जाताना शाळेच्या ग्रंथालयातून दोन-तीन पुस्तके मागून घ्या. आपल्या घरात कोकणी बोली, कित्येकांच्या शाळेत उर्दू आणि कचेरीत मराठी. ज्या भाषेत तुमचे पाऊल अडखळते, त्या भाषेतले एक पान रोज दादीला मोठ्याने वाचून दाखवा. तिलाही बरे वाटेल आणि तुमची जीभही वळेल.

पालकहो, आज घरी गेल्यावर मुलांना जवळ बसवून एका कागदावर हा बेत लिहा. वडील आखातात असतील तर त्यांनाही फोनवर सामील करून घ्या. मुलांचेही म्हणणे ऐका. त्यांनी स्वतः ठरवलेले ती अधिक आवडीने पाळतात. आणि तो कागद मामू, फुफी, खाला, ज्यांच्याकडे मूल जाणार आहे त्यांनाही दाखवा.

बेगमी करणाऱ्या घराला पावसाची धास्ती वाटत नाही. यंदा जूनमध्ये आपल्या शाळेच्या हजेरीत प्रत्येक नावाला "हजर" असे उत्तर यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.