वैयावृत्त्य : दानाच्या पुढचे पाऊल
(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



वऱ्हाडातून मुक्तागिरी सिद्धक्षेत्राच्या वंदनेस निघालेला यात्रेकरू परतवाड्यावरून जातो. कोणी अकोल्याहून अकोट-अंजनगाव मार्गे येतो, कोणी अमरावतीहून; सातपुड्याच्या पायथ्याशी साऱ्यांची वाट एक होते. त्याच परतवाड्याजवळ वझ्झर येथे आणखी एक वंदनीय स्थान आहे. तेथे ना शिखर, ना घंटानाद. तेथे अंबादासपंत वैद्य यांच्या नावाने चालणारे मतिमंद, मूकबधिर व बेवारस मुलांचे बालगृह आहे.

संत गाडगेबाबांच्या विचाराने भारलेले आणि ‘देवकीनंदन गोपाला’ हे मासिक चालविलेले शंकरबाबा पापळकर यांनी ते उभे केले. जन्मदात्यांनी टाकून दिलेल्या मुलांना त्यांनी निवारा दिलाच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पित्याच्या जागी स्वतःचे नाव दिले. १२३ दिव्यांग मुलांचे पिता अशी त्यांची ओळख झाली. २०२४ साली शासनाने त्यांना पद्मश्री जाहीर केली. जळगाव रेल्वे स्थानकावर सापडलेली येथील एक दृष्टिहीन कन्या त्याच वर्षी राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली, तेव्हा अवघ्या वऱ्हाडाची मान उंचावली.

परंतु तीव्र अपंगत्व असलेले प्रत्येक मूल परीक्षा देऊ शकत नाही. काहींना घासदेखील स्वतःच्या हाताने घेता येत नाही. अशा मुलांशी आपल्या समाजाचे नाते कोणते, हा खरा प्रश्न आहे.

दानाची आपली परंपरा मोठी आहे. जयपूर येथे १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने असंख्य अपंगांना कृत्रिम पाय देऊन चालते केले. मात्र ज्याचे संपूर्ण शरीरच साथ देत नाही, त्याला एका शिबिराने पुरत नाही. त्याला रोजचा हात लागतो. वाढदिवसाला लाडवांचे डबे घेऊन जाणे, मुलांसोबत छायाचित्र काढणे आणि तासाभरात परतणे यामागे भावना शुद्ध असेल. पण ज्या मुलाला नीट गिळताही येत नाही, त्याच्या ओठांपर्यंत तो लाडू पोहोचतच नाही.

तत्त्वार्थसूत्रात सहा आभ्यंतर तपांमध्ये वैयावृत्त्याची गणना आहे. मूळ अर्थाने ती साधूंची सेवा. तिच्या दहा पात्रांमध्ये ‘ग्लान’, म्हणजे रुग्ण साधूही येतो. गृहस्थाला करुणादानाचा आणि अभयदानाचा मार्ग खुला आहे. या दोहोंचा संगम म्हणजे अशा बालकाची शुश्रूषा होय.

पाणी गाळून पिणारा आणि पाऊल पाहून टाकणारा जैन श्रावक यत्नाचार जाणतो. तोच यत्नाचार येथे हवा. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलाला आडवे ठेवून भरवू नये; टेकू देऊन बसवावे, लहान घास द्यावा, तो गिळला गेल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा, अन्यथा अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अंथरुणाला खिळलेल्या मुलाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे तेथील अनुभवी सेविकेकडून विनयाने शिकून घ्यावे. ठरलेल्या दिवशी तोच चेहरा, तोच आवाज पुन्हा यावा. कारण न बोलणारे मूलही ओळख धरते, आणि वाटही पाहते.

आणखी एक चिंता शंकरबाबांनी वर्षानुवर्षे मांडली आहे. बालगृहाची कायदेशीर मर्यादा वयाच्या अठराव्या वर्षी संपते; अपंगत्व मात्र संपत नाही. अशा मुलांना आजन्म त्याच घरी राहू द्यावे, ही त्यांची मागणी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार मतिमंद, बहुविकलांग आदी प्रौढांना पालक नेमण्यासाठी जिल्हास्तरावर समितीची तरतूद आहे. समाजातील वकील, डॉक्टर आणि हिशेबनीस मंडळींनी अशी कामे अंगावर घेतली, तर तीही सेवाच ठरेल.

सुवर्ण महोत्सवात देणगीदारांची नावे कोरली जातील, ते उचितच आहे. त्याबरोबर न्यासाने एक साधी वही उघडावी. तीत रकमा नसाव्यात; महिन्यातून कोणी कोणता दिवस दिला, एवढेच लिहावे. ती वही भरली, तर पुढील पन्नास वर्षांचा पाया घातला गेला असे समजावे.

जय जिनेंद्र.