वसईचा अर्ज चिपळुणास

नालासोपाऱ्यास सासर असलेली एक स्त्री. नवऱ्याच्या मारहाणीस कंटाळून तिनें वसईच्या मॅजिस्ट्रेटपुढें संरक्षणासाठीं अर्ज केला; अंतरिम पोटगीचा हुकूमहि झाला. पुढें मूल घेऊन ती चिपळुणास माहेरीं गेली. आतां दर तारखेस रात्रीची एस. टी., कोर्टाच्या ओसरीवर तास न् तास बसणें, आणि पुढची तारीख घेऊन परतणें. कोणीतरी सुचवितें, "हा अर्ज काढून घे, चिपळुणास नवा कर." स्त्री कल्पित आहे, पण कोंकणांतून व देशावरून वसई-विरारकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांत असा प्रसंग नवलाचा नाहीं. सल्ला चुकीचा नव्हे. तो घाईनें अंमलांत आणला म्हणजे मात्र घात होतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून अंमलांत आहे. त्याच्या 27 व्या कलमाप्रमाणें स्त्री जेथें कायमची किंवा तात्पुरती राहते, नोकरी-धंदा करते, प्रतिपक्ष जेथें राहतो, अथवा हिंसा जेथें घडली, त्यांपैकीं कोणत्याहि ठिकाणीं अर्ज करतां येतो. चेन्नईस सासर असलेल्या, पण बंगळुरास आईबापांकडे राहणाऱ्या एका स्त्रीचा अर्ज बंगळुरासच चालेल, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें 22 जानेवारी 2020 रोजीं दिला. राहणें मात्र खरें हवें. अर्जापुरती चार दिवस घेतलेली खोली चालत नाहीं.

अडचण आहे ती मागें घेण्याची. त्यासाठीं या कायद्यांत स्वतंत्र कलम नाहीं. म्हणून जाणते वकील दिवाणी दाव्यांतील रिवाज पाळतात. "अर्ज मागें घेतें" एवढेंच लिहून न देतां "योग्य कोर्टांत नवा अर्ज करण्याची मुभा राखून" असे शब्द घालतात, कारण नमूद करतात, आणि ती मुभा हुकुमांत उतरेपर्यंत स्वस्थ बसत नाहींत. नाहीं तर "हिनें तक्रारच सोडून दिली" असें म्हणावयास प्रतिपक्षास जागा मिळते.

दुसरी गोष्ट अधिक बोंचणारी. मूळ अर्ज गेला कीं त्यावर उभा असलेला अंतरिम हुकूमहि जातो. चिपळुणास नवा हुकूम होईपर्यंत मुलाच्या दुधाचें काय? पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत, आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न, असें कायदा सांगतो. तारखांचा अनुभव घेतलेल्यांस त्याचें हंसूं येतें. म्हणून अर्ज मागें न घेतां तो चिपळुणास वर्ग व्हावा, अशी मागणी उच्च न्यायालयाकडे करणें पुष्कळदां हिताचें ठरतें. त्यांत वेळ जातो; पण झालेलें काम फुकट जात नाहीं.

याहून वाईट प्रकार समेटाचा. "आधीं अर्ज काढ, मग नांदवितों" असा निरोप येतो. कागदावर कांहीं नसतें. बाई परत जाते, मार पुन्हां सुरू होतो, आणि आतां दार बंद झालें असें तिला वाटतें. तें खरें नाहीं. नव्या मारहाणीवर नवा अर्ज करतां येतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निर्णयाप्रमाणें अशा अर्जास एक वर्षाच्या मुदतीचें बंधनहि नाहीं.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर 1987 च्या कायद्यानें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीहि असो, तालुका विधि सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो. नव्या अर्जाच्या नमुन्यांत पूर्वीच्या खटल्यांची माहिती विचारलेली असते; वसईच्या अर्जाचा क्रमांक तेथें लिहावा आणि हुकुमाची सही-शिक्क्याची नक्कल जोडावी. नकलेसाठीं अर्ज मात्र हुकूम होतांच, त्याच दिवशीं टाकावा, म्हणजे तेवढ्यासाठीं वसईची आणखी एक खेप पडत नाहीं.